भिंत, कुलूप आणि पाण्याचा नळ

आमच्या वस्तीतल्या बुद्ध विहाराच्या मागच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे. एका बांधवाने तो मोडीच्या भावात विकत घेऊन विहाराला दान दिला. त्याच्यावर मुले परीक्षेचे आणि नोकरीचे फॉर्म भरतात, आणि मंडळाचा जमाखर्च आम्ही त्यातच लिहितो. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्या खोलीत वस्तीतलीच एक मुलगी डोळे पुसत बसलेली दिसली. बी.एस्सी. कॉम्प्युटरचे दुसरे वर्ष. बाकी सर्व विषयांत पास, एका पेपरात केटी. पेपर ऑपरेटिंग सिस्टिमचा.

"काका, प्रोसेस, लॉक, डेडलॉक, मला काही कळतच नाही. पुस्तक इंग्रजी, शिकवणं इंग्रजी. पाठ केलं, तर पेपरात फिरवून विचारलं. मावशी म्हणते, कॉलेज सोड आणि दुकानात लाग."

वाचकहो, आम्ही बी.कॉम.; नावे-जमा सोडून आम्हाला दुसरे शास्त्र ठाऊक नाही. पण बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावायचा आणि वस्तीतली पोर एका पेपरापायी दुकानात जाऊ द्यायची, हे आमच्या मनाला पटेना. आम्ही तिला म्हटले, "पोरी, तू रोज एक पान वाचायचे आणि आम्हाला मराठीत सांगायचे. आम्हाला कळले तर तुला कळले." त्या दोन महिन्यांत आम्हाला जे कळले ते या आठवड्याच्या सदरात देत आहोत. घरोघरी कॉलेजात जाणारी मुले आहेत, आणि मोबाईल तर सर्वांच्याच हातात आहे.

आधी प्रोसेस म्हणजे काय ते. पुस्तकात छापलेली पुरणपोळीची कृती म्हणजे प्रोग्राम. ती कपाटात पडून राहिली तर कोणाचे पोट भरत नाही. चुलीवर चाललेला प्रत्यक्ष स्वयंपाक म्हणजे प्रोसेस. एकाच कृतीवरून दोन घरांत स्वयंपाक चालू असेल तर प्रोसेस दोन. कॉम्प्युटरात असे शेकडो स्वयंपाक एका वेळी चाललेले असतात, आणि चुली मात्र मोजक्या. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येकाला क्षणभर चूल देते, काढून घेते, दुसऱ्याला देते. हे इतक्या झपाट्याने होते, की आपल्याला सगळे एकदम चालल्यासारखे वाटते.

आता एका घरातले दूध उतू गेले तर शेजारणीची भाजी का बिघडावी? पण पूर्वी ती बिघडत असे. १९९२ साली आलेल्या विंडोज ३.१ मध्ये सारे प्रोग्राम एकाच मेमरीत दाटीवाटीने राहत. एकाने चुकून दुसऱ्याच्या जागेत लिहिले तर दोघेही कोसळत, आणि कधी सगळे मशीनच. शिवाय चूल सोडायची ती प्रत्येकाने आपल्या मर्जीने. एखादा हटून बसला, की बाकीचे ताटकळत. १९९५ सालच्या विंडोज ९५ ने नव्या प्रोग्रामांना वेगळी घरे दिली आणि त्यांच्याकडून चूल काढून घेण्याचा अधिकारही स्वतःकडे घेतला. पण जुन्या प्रोग्रामांसाठी आत एकच सामाईक कुलूप ठेवले. जुना प्रोग्राम ते कुलूप हातात घेऊन गोठला, की पडद्यावर खिडकी काढू पाहणारे नवे प्रोग्रामही दारातच अडकत. ॲपलच्या मॅकलाही घराघरांमधल्या पक्क्या भिंती मिळाल्या त्या २००१ साली, मॅक ओएस टेन आली तेव्हा. गंमत अशी, की मोठ्या संस्थांमधल्या यंत्रांवर चालणाऱ्या युनिक्समध्ये या भिंती १९७० च्या दशकापासून होत्या. गरिबाच्या घरच्या मशीनपर्यंत त्या यायला वीसेक वर्षे लागली. असे का, ते आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मुलीची आई अंगणवाडीत मदतनीस आहे. ती रोज लेकीला न्यायला येई आणि दाराशी उभी राहून ऐके. भिंतीचे ऐकून ती एकदम म्हणाली, "भाऊ, आपण जन्मभर भिंती पाडा म्हणतो, आणि तुम्ही इथं बसून भिंतीचं कौतुक शिकवता होय?"

प्रश्न खरा होता. त्या रात्री आम्हाला लवकर झोप आली नाही. 'विलगीकरण' हा शब्दच आपल्या माणसाच्या अंगावर येतो. वेशीबाहेरचे विलगीकरण आपण पिढ्यान् पिढ्या भोगले. दुसऱ्या दिवशी मुलीने ते पान पुन्हा वाचले, तेव्हा फरक दिसला. कॉम्प्युटरातली भिंत एकाला आत आणि दुसऱ्याला वेशीबाहेर ठेवत नाही. प्रत्येक प्रोसेसला स्वतंत्र चाळ मिळते, तीही साऱ्यांना सारख्या खोल्यांची. ३२ बिटांच्या यंत्रावर प्रत्येकीला चार गिगाबाइटचे पत्ते, शून्यापासून मोजलेले. प्रत्येक चाळीत खोली नंबर दहा असते, पण या चाळीची दहा नंबर खोली ती त्या चाळीची नव्हे. कोणती खोली खऱ्या मेमरीत कुठे आहे याची वही ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे असते. प्रोसेसला त्या वहीला हात लावता येत नाही. दुसऱ्याच्या खोलीत शिरायचा प्रयत्न केला, तर प्रोसेसरच तिला थांबवतो आणि कर्नल त्या एकट्या प्रोसेसला बंद करतो. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

"मग ते कर्नल म्हणजे सरकार झालं," आई म्हणाली. झालेच. आणि सरकार कोसळले की सगळे कोसळते, हेही तितकेच खरे. निळा पडदा दिसतो तो त्याचाच.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. इंटेलने १९८२ साली ८०२८६ नावाचा प्रोसेसर काढला. त्यात अधिकाराच्या पायऱ्या ठेवल्या त्या नेमक्या चार. शून्य नंबरची सर्वांत वरची, तीन नंबरची सर्वांत खालची. चार म्हटल्यावर आमच्या मनात जे यायचे तेच आले, आणि दारात उभी असलेली वहिनीही हसली. पुढे विंडोज एनटी आणि लिनक्स या दोघांनीही त्यांतल्या दोनच पायऱ्या वापरल्या. एक कर्नलची आणि एक बाकी सर्वांची. मधल्या दोन रिकाम्याच राहिल्या. अनेक प्रोसेसरांत दोनच पायऱ्या होत्या, सर्वांवर एकच प्रणाली चालवायची तर दोनच धरणे सोयीचे, असे त्याचे कारण. म्हणजे चार पायऱ्यांवाचून सगळा कारभार सुरळीत चालतो.

भिंती झाल्या. पण संसार नुसत्या भिंतींनी चालत नाही. काही वस्तू सामाईक असतातच. एक फाईल, एक प्रिंटर, बँकेतली एक शिल्लक. तिथे कुलूप लागते. हा भाग मुलीला सर्वांत जड जात होता, आणि इथे आमची कारकुनी कामाला आली.

पूर्वी आम्ही ज्या कचेरीत होतो तिथली गोष्ट. मार्चअखेरची घाई. जावक रजिस्टर एकच आणि आम्ही दोन कारकून. रीत अशी होती, की रजिस्टरातला शेवटचा नंबर पाहायचा, पुढचा नंबर पत्रावर टाकायचा आणि सवडीने रजिस्टरात नोंद करायची. शेवटचा नंबर होता ४११. सोबत्याने पाहिला, आम्हीही पाहिला. दोघांनी आपापल्या पत्रावर ४१२ घातला. त्याचे पत्र एका ठेकेदाराला होते. आमचे पत्र एका मयत सफाई कामगाराच्या विधवेच्या पेन्शनचे होते. वरून उत्तर आले ते ४१२ चा हवाला देऊन, आणि ते गेले ठेकेदाराच्या फायलीत. ती बाई चार महिने हेलपाटे घालत राहिली. "साहेब, आलं का काही?" असे ती विचारी, आणि "नाही आले" असे आम्ही खरेच समजून सांगत असू. चूक दोघांपैकी कोणाचीच नव्हती असे म्हणता येईल. तरी ती बाई आम्ही अजून विसरलो नाही.

मुलगी म्हणाली, "काका, हीच रेस कंडिशन! दोघांनी वाचलं, दोघांनी एक मिळवला, दोघांनी लिहिलं." पाहणे, वाढवणे आणि लिहिणे ही तीन कामे मध्ये कोणी न शिरता एकदम झाली पाहिजेत. नंतर हेडक्लार्कने नियम केला, की रजिस्टर ज्याच्या टेबलावर असेल त्यानेच नंबर टाकायचा, नोंद करायची, आणि मगच रजिस्टर सोडायचे. ते रजिस्टर म्हणजेच लॉक.

विहारात येणारे एक आजोबा रेल्वेतून पॉइंट्समन म्हणून निवृत्त झाले आहेत. ते म्हणाले, "आमच्याकडे गोळा होता." एकेरी लाईनवर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. त्यासाठी दोन्ही स्टेशनांत नीलचे बॉल टोकन यंत्र असे. दोन्ही यंत्रे तारेने जोडलेली, त्यामुळे एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी पुढे काढायची नाही, आणि पुढच्या स्टेशनात तो यंत्रात परत टाकल्याशिवाय दुसरा निघायचा नाही. योगायोग पाहा, एड्सखर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात प्रोसेसांना आवरण्यासाठी जी युक्ती काढली, तिला त्याने रेल्वेच्या सिग्नलचेच नाव दिले, सेमाफोर.

याच डाइक्स्ट्राचा १९६५ सालचा एक लेख आहे, छापील एका पानाचा. अनेक यंत्रांना एका वेळी एकानेच आत जावे असे कसे बांधून द्यायचे, हा त्याचा विषय. तोडगा सांगण्याआधी त्याने अटी घातल्या. पहिलीच अट अशी, की तोडग्यात सर्व यंत्रे समान असली पाहिजेत. कोणालाही आधीपासून ठरलेला कायमचा अग्रक्रम असता कामा नये. कोणाचा वेग किती ते गृहीत धरायचे नाही. एखादे यंत्र आपल्या घरी थांबून राहिले म्हणून बाकीच्यांची वाट अडता कामा नये. आणि "आधी आपण, नाही नाही, आधी आपण" असे करत सगळेच दाराबाहेर उभे राहता कामा नयेत. हे वाचताना आम्ही मुलीला थांबवले आणि पहिली अट पुन्हा वाचायला लावली.

कुलपासाठी वाट कशी पाहायची याचेही दोन प्रकार. पुस्तकात ते दोन पाने भरून होते आणि मुलीला सांगता येईना. वहिनीने एका दमात सांगितले. "पाणी येतं तेव्हा काही बाया नळापाशी हंडा घेऊन उभ्याच राहतात, नळाकडे डोळे लावून. काही हंडा रांगेत ठेवून घरी जातात, भाकरी टाकतात, आणि नंबर आला की शेजारीण हाक मारते." पहिला प्रकार स्पिनलॉक. नंबर क्षणात येणार असेल तर तोच बरा, कारण जाण्यायेण्यातच जास्त वेळ जातो. वेळ लागणार असेल तर दुसरा. त्यात प्रोसेस झोपते आणि कुलूप सुटले की कर्नल तिला उठवतो. ज्या बाईचा हंडा रोज मागे सारला जातो आणि नंबर कधी येतच नाही, तिच्या हालांना पुस्तकात स्टार्व्हेशन, म्हणजे उपासमार, म्हणतात. पाण्याचा विषय निघाल्यावर महाडची आठवण निघणारच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, त्याआधी तिथे होते ते कुलूप डाइक्स्ट्राच्या हिशेबात बसत नाही. एकाचे काम होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे, ते कुलूप. जे काहींच्यासाठी सुटणारच नाही, त्याला कुलूप म्हणत नाहीत.

डेडलॉक समजावायला आमची कचेरीच पुन्हा उपयोगी पडली. एकाच्या हातात रजिस्टर आणि त्याला हवा शिक्का. दुसऱ्याच्या हातात शिक्का आणि त्याला हवे रजिस्टर. दोघेही हातातले सोडत नाहीत, दोघेही वाट पाहतात, टपालाची वेळ टळते. चार गोष्टी एकत्र आल्या तरच अशी कोंडी होते. वस्तू एका वेळी एकाच्याच हाती राहणारी असावी. हातातले धरून ठेवून दुसरे मागितलेले असावे. कोणाच्या हातून हिसकावून घेता येत नसावे. आणि वाट पाहणाऱ्यांचे वर्तुळ पुरे व्हावे. चारांतली एक मोडली की कोंडी फुटते. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आधी रजिस्टर घ्यायचे, मग शिक्का. उलटा क्रम कोणीच धरायचा नाही.

हे सगळे चूक-बरोबरच्या मार्कांपुरते आहे असे कोणी समजू नये. थेरॅक-२५ नावाचे कॅन्सरच्या रुग्णांना किरणे देणारे कॅनेडियन बनावटीचे यंत्र होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्याने भयंकर जास्त मात्रा दिली. त्यांतले किमान तिघे त्यामुळे दगावले. टेक्सासमधल्या टायलर गावच्या रुग्णालयात १९८६ साली काय झाले ते पाहा. यंत्र चालवणारी कर्मचारी कामात तरबेज होती. तिच्याकडून चुकून एक अक्षर पडले, ते तिने चटकन सुधारले. यंत्राला आपली चुंबके जुळवायला आठ सेकंद लागत, आणि तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती प्रोग्रामच्या एका भागाला कळली, दुसऱ्याला कळलीच नाही. पडद्यावर फक्त चोपन्न नंबरचा बिघाड दिसला. आधीच्या मॉडेलांत अशा वेळी किरण अडवणारे वेगळे यांत्रिक कुलूप होते. या नव्या मॉडेलात ते काढून सारा भरवसा प्रोग्रामवर टाकला होता. कंपनी सांगत राहिली की जास्त मात्रा जाणे शक्यच नाही. शेवटी ती कर्मचारी आणि रुग्णालयातला भौतिकशास्त्रज्ञ यांनी पुन्हा पुन्हा तीच अक्षरे त्याच वेगाने टाकून चूक पकडून दाखवली. मोठ्यांनी 'अशक्य' म्हटलेले खालच्या माणसाने सिद्ध केले, म्हणून ही गोष्ट आम्हाला जवळची वाटते.

दुसरी गोष्ट मंगळावरची. ४ जुलै १९९७ ला अमेरिकेचे पाथफाइंडर यान तिथे उतरले आणि काही दिवसांनी त्याचा कॉम्प्युटर आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणारे एक खालच्या दर्जाचे काम एक कुलूप घेऊन बसे. तेच कुलूप एका वरच्या दर्जाच्या कामाला हवे असे. पण मधल्या दर्जाची कामे येऊन खालच्याला ढकलत. खालच्याचे काम पुरे होईना, कुलूप सुटेना, आणि वरचाही अडकून पडे. उपाय १९९० सालच्या एका शोधनिबंधात आधीच मांडलेला होता. कुलूप हातात आहे तोवर खालच्या कामाला वरच्याचाच दर्जा द्यायचा, म्हणजे मधले त्याला ढकलणार नाहीत. पाथफाइंडरच्या प्रणालीत ही सोय होती, पण त्या कुलपासाठी बंद ठेवली गेली होती. पृथ्वीवरून ती चालू केली, आणि यान सुरळीत झाले. खालच्याला दर्जा दिल्याने वरच्याचेही काम झाले. यावर आम्ही काही बोलायची गरज नाही.

आता रोजच्या वापराचे. ब्राऊझरमध्ये एकेका पानाची खिडकी उघडतो, तिला टॅब म्हणतात. पूर्वी सारे टॅब एकाच प्रोसेसमध्ये असत, एक बिघडला की अर्धा भरलेला फॉर्मही गेला. सप्टेंबर २००८ मध्ये गुगलने क्रोम आणला तो टॅबांना वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवून. शिवाय त्या प्रोसेसांना कॉम्प्युटरातल्या फायलींना थेट हात लावायची मनाई केली. काही हवे तर मुख्य प्रोसेसला विचारायचे. फायरफॉक्सने २०१६ पासून तीच वाट धरली. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या नावांचे प्रोसेसरातले दोष जाहीर झाले. भिंतीला कान असतात म्हणतात, तसेच ते होते. एकाच घरात राहणारे दोन पाहुणे एकमेकांची गुपिते काढू शकत होते. म्हणून त्याच वर्षी क्रोमने प्रत्येक वेबसाइटला वेगळी प्रोसेस दिली आणि २०२१ मध्ये फायरफॉक्सनेही तसे केले. किंमत मेमरीत मोजावी लागली. गुगलने स्वतः ती १० ते १३ टक्के जास्त सांगितली. विहाराचा जुना कॉम्प्युटर रडतो तो काही अंशी म्हणूनच. तेव्हा मुलांनी एकदम वीस टॅब उघडून ठेवू नयेत.

एखादाच टॅब अडकला तर मशीनचे बटण दाबू नका. कॉम्प्युटरावरच्या क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबले की प्रोसेसांची यादी येते, तिथून तेवढी एक बंद करता येते. फायरफॉक्स कधी म्हणतो, की मी आधीच चालू आहे पण उत्तर देत नाही. तेही कुलूपच. आपल्या खात्याच्या फायली दोघांनी एकदम लिहू नयेत म्हणून तो ते लावतो. जुनी प्रोसेस टास्क मॅनेजरमधून बंद केली की ते बहुधा सुटते.

आणि आयाबायांनी एक ध्यानात ठेवावे. या भिंती वेबसाइटपासून वेबसाइटला वाचवतात, शेजारी बसलेल्या माणसापासून नाही. नेट सेंटरवर किंवा विहारात बँकेचे खाते उघडाल तर पासवर्ड साठवू देऊ नका, गेस्ट खिडकी वापरा आणि उठताना लॉगआऊट करा.

मुलीचा केटीचा पेपर दिवाळीनंतर झाला. डेडलॉकचा प्रश्न दहा मार्कांना होता. तिने चारही अटी लिहिल्या आणि उदाहरण म्हणून रजिस्टर आणि शिक्का लिहिला. तपासणाऱ्याला जावक रजिस्टर माहीत असेल की नाही, याची तिला धास्ती आहे. निकाल अजून लागायचा आहे. सध्या ती शनिवारी संध्याकाळी बारावीच्या दोन मुलांना त्याच खोलीत शिकवते, आणि वहिनी आता दाराशी उभी न राहता आत खुर्चीवर बसते.